बाबांचा सुरा

“अजून नाय.”

पात्यावर अंगठा आडवा फिरवून बाबा एवढंच म्हणायचे आणि पुन्हा दगडावर वाकायचे. आणखी थोडं घासून झालं की डाव्या मनगटावर पातं टेकवून हलकेच वर सरकवायचे. केस निघाले तर ठीक, नाहीतर पुन्हा “अजून नाय.” यामुळे त्यांचा डावा हात कोपरापर्यंत कायम गुळगुळीत असे आणि उजवा चांगला केसाळ. नव्याने बदलून आलेल्या माणसाला हे दोन हात एकाच माणसाचे आहेत हे सांगावं लागायचं.

पेठ रस्त्यावर घाट चढून गेलं की आमचं वनखात्याचं ऑफिस होतं आणि त्याच आवारात रोपवाटिका. मी तिथे कारकून म्हणून लागले ते नव्वदीच्या सुरुवातीला. पंचवटीतून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. बाबा रोपवाटिकेत मजूर होते, पाड्यावरून चालत येत. नाव होतं त्यांना, पण ते हजेरीपुरतं. गार्डपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाबाच म्हणत, आणि ते सगळ्यांना, वयाने लहान असो की मोठा, “दादा” आणि “ताई”.

माझी एसटी पोचायची तेव्हा ते पाण्याच्या टाकीजवळ बसलेले असायचे. समोर दोन दगड. एक नदीतून आणलेला, खरबरीत. दुसरा काळा, हात लावला तर साबणाच्या वडीसारखा लागणारा. बाजूला रोपांना पाणी घालायची झारी. झारीतून दगडावर थेंब सोडायचे, पातं दगडावर आडवं निजवायचे, पाठीकडून जरासं उचलायचे आणि मग ढकलत राहायचे. एक बाजू, दुसरी बाजू. शेवटी जुन्या चपलेच्या चामड्यावर पातं ओढायचे, उलट्या दिशेने. पावसाळ्यात त्यावर मोहाच्या बियांचं तेल चोळून, फडक्यात गुंडाळून, मग म्यानात. सुरा हातभर नव्हता, पण वीतभराहून मोठा होता. मूठ सांबराच्या शिंगाची, त्यांच्या वडिलांच्या हातची. इतकी वर्षं धरून ती पिवळी आणि गुळगुळीत झाली होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवारातलं एखादं झाड असतं, तशी ती तिथे असतात. त्यांचं काहीतरी एक वेगळं असतं आणि चार दिवसांनी त्याचं कुणाला काही वाटेनासं होतं. बाबांचा सुरा आमच्या ऑफिसात असाच मुरून गेला होता. फणस आला की बाबांना हाक. साहेबांच्या निरोपाला नाशिकहून केक आणला, सोबतची प्लास्टिकची सुरी मोडली, पुन्हा बाबांना हाक. बाबांनी केकचे तुकडे असे कापले की क्रीमसुद्धा हललं नाही, आणि मग पातं पुसत म्हणाले, “हे काय मऊ हाय हो. याला सुरा कशाला लागतो?” एकदा माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मी डॉक्टरकडे जायच्या गोष्टी करत होते. बाबांनी सुऱ्याचं टोक काडी पेटवून तापवलं, “तिकडं बघा, तिकडं, घाटाकडं,” म्हणाले. मी घाटाकडे पाहिलं आणि परत मान वळवली तेव्हा काटा त्यांच्या तळहातावर होता.

फक्त बांबूला ते सुरा लावू देत नसत.

रोपांना आधार द्यायला बांबूच्या कामट्या लागायच्या. त्यासाठी कोयते होते. पण एकदा कोयता सापडेना म्हणून एका गार्डने बाबांचा सुरा घेतला. बाबा तेव्हा लांब वाफ्यांवर होते. बांबू फुटल्याचा आवाज ऐकून ते धावत आले. साठीकडे झुकलेला माणूस वाफे तुडवत धावला, ज्या वाफ्यांत ते आम्हाला पाय टाकू देत नसत. त्यांनी गार्डच्या हातातून सुरा ओढून घेतला. शिवीसुद्धा दिली नाही. पातं उजेडाकडे धरून धारेवर अंगठा फिरवला. जेवायच्या सुट्टीत ते जेवले नाहीत, दगडाशी बसून राहिले.

मी जवळ गेले. “बाबा, एवढं काय झालं? बांबूच तर होता.”

“बांबू धार खातो.”

“मग परत लावायची.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “परत लावायला येळ मिळंलच असं नसतं, ताई.”

शिकारीबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं होतं. “केली,” म्हणाले, “मग सोडली.” मग धार कशासाठी, तर “सवय हाय.” यापुढे ते गेले नाहीत आणि मीही ओढून नेलं नाही.

रोपवाटिकेत उन्हाळ्यात पिशव्यांत माती भरायचं काम निघायचं. त्याला पाड्यावरच्या बायका येत. त्यांत एक उंच, काटक बाई असायची, सगळ्यांपेक्षा भरभर हात चालवणारी. ती बाबांची भावजय, धाकट्या भावाची बायको. भाऊ तरुणपणीच गेला होता. मध काढायला गेला आणि कड्यावरून पडला असं सगळे सांगत. मूलबाळ नव्हतं. ती आणि बाबा एकमेकांशी बोलत नसत. आवार केवढंसं, दिवसातून दहा वेळा समोरासमोर यायचे, पण बाबा बाजूला होऊन वाट द्यायचे आणि ती त्यांच्याकडे न पाहता निघून जायची. गार्डने मला सांगितलं की भात झोडून झालं की बाबा अर्धं तिच्या ओट्यावर नेऊन ठेवतात. ती ते आत घेते. पण त्यांच्या घरचं पाणी पीत नाही आणि तिच्या घरचं देत नाही. बाबांची बायको लवकर गेली, मुलगी दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यावर दिलेली. म्हणजे दोन एकटी माणसं एकाच पाड्यावर, मध्ये चार घरं, आणि अबोला. जमिनीचं काहीतरी असेल असं मी धरून चालले. आपण बहुतेक वेळा तसंच धरतो.

एका सकाळी मी एसटीतून उतरले तर टाकीजवळ बाबा नव्हते. ते ऑफिसच्या पायरीवर उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं.

“ताई, साहेबाला उठवा. वाटेवरच्या नाल्यात बिबट्या मेलाय.”

साहेब नवीन होते, क्वार्टरमध्येच राहायचे. आम्ही सगळे बाबांच्या मागे नाल्यात उतरलो. करवीच्या झुडपांत तारेचा फास होता आणि त्यात तो पडला होता. सुरुवातीला मला तो नुसता झोपल्यासारखा दिसला. मग पाय दिसले. चारही पंजे नव्हते. सांध्यातून कापून नेले होते, कुठे फाटलं नव्हतं की चिरडलं नव्हतं. माश्या बसल्या होत्या. बाबा थोडे दूर उभे राहून म्हणाले, “फास नवा हाय. आपल्याकडची तार नाय ही.”

साहेब त्या कापलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. वर चढून आल्यावर त्यांनी हेडगार्डला विचारलं, “इतकं साफ कापायला सुरा कसा लागेल?”

हेडगार्डची नजर टाकीकडे गेली, तिथल्या दोन दगडांकडे. आम्हा सगळ्यांचीच गेली, माझीसुद्धा.

साहेब वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. नाशिकहून त्यांना तासातासाला फोन येत होते, दुपारपर्यंत वर्तमानपत्राची माणसं आली, आणि त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. दुपारी त्यांनी बाबांना आत बोलावलं. मीही आतच होते. मी सांगितलं की बाबा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत रोपवाटिकेत होते, आणि कुणी स्वतः मारलं असतं तर स्वतःच येऊन का सांगितलं असतं? साहेबांनी ऐकून घेतलं. मग बाबांना म्हणाले, “सुरा दाखवा.”

बाबांनी कमरेचा सुरा काढून टेबलावर ठेवला, मूठ साहेबांकडे करून. साहेबांनी तो उचलला आणि टेबलावरचा कागद धारेवरून नुसता ओढला. कागदाचे दोन तुकडे झाले.

“शिकार करत नाही म्हणता. मग एवढी धार कशाला?”

“सवय हाय.”

“रोज?”

“रोज.”

“कशासाठी?”

बाबांनी कागदाचे दोन तुकडे उचलून टेबलाच्या कडेला ठेवले.

“बाबा, सांगा हो,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बोलले असते तर तिथेच संपलं असतं असं मला त्या दिवशी वाटत होतं. आता वाटत नाही. साहेबांनी सुरा उलटा केला, मूठ पाहिली. “हे शिंग कशाचं?”

“सांबराचं. बापानं बसवलं.”

साहेबांनी पेन उघडलं.

बाबांना ऑफिसच्या मागच्या खोलीत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना नाशिकला कोर्टात न्यायचं होतं. सकाळी गाडी यायच्या आधी फाटकातून त्यांची भावजय आत आली. पाड्यावरून चालत आली होती, पायांवर धूळ, डोक्यावरचा पदर घट्ट. गार्डने अडवलं तर त्याला बाजूला सारून ती सरळ साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. बाबा भिंतीशी जमिनीवर बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलावर पिशवीत घातलेला सुरा होता, त्यावर बोट ठेवलं.

“साहेब, याला धार नव्हती म्हणून माझा माणूस मेला.”

साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं.

“कड्यावरून नाय पडला तो. तो आम्ही पोलिसांना सांगितला होता कडा. डुक्कर होतं. नागलीच्या वावरात घुसायचं, सगळं पीक लोळवायचं. दोघं भाऊ त्याच्या मागं गेले. सकाळी यानं,” तिने न पाहता बाबांकडे हात केला, “यानं याच सुऱ्यानं बांबू फोडले होते, माझ्याच घराच्या कुडाला. माझा माणूस म्हणला, निघायच्या आधी धार लाव. हा म्हणला, आल्यावर लावू.”

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“डुकरानं माझ्या माणसाला खाली पाडला. हा वरून सुरा घालत होता आणि सुरा सरकत होता. चिखल वाळून त्याचं कातडं दगड झालं होतं. आत गेला तेव्हा गेला. तवर मांडी फाटली होती. झोळीतून खाली आणला. वाटेतच गेला.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. आठवडी बाजारात भाव सांगावा तसं ती सांगत होती.

“मला हे कुणी सांगितलं? यानंच सांगितलं. माझ्या पायाशी बसून सांगितलं, धार नव्हती म्हणून. गप बसला असता तर मला काय कळणार होतं, साहेब? मी तवापासून याच्याशी बोलले नाय. पण नजर ठेवली. हा परत रानात शिरला, परत काही मारलं, का याला पाड्यापुढं उभा करून थुंकायचं, असं ठरवलं होतं मी. लय वाट बघितली. हा सकाळी कुठं जातो, कधी येतो, कमरेला काय, हाताला रगत हाय का. तुमच्या कुठल्या गार्डनं ठेवली नसंल एवढी नजर मी ठेवली. हा गेलाच नाय. नुसता धार लावत बसला. सगळं आयुष्य धार लावत बसला.”

मग भिंतीकडून बाबांचा आवाज आला, “तिला कशाला येऊ दिलं?” एवढंच.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “बाई, मला पटतंय. पण मूठ शिंगाची आहे, आणि सांबराचं शिंग बाळगणं हाच गुन्हा आहे.”

“बापाची हाय ती.”

“बापाची असली तरी.”

गाडी आली. बाबा उठले, चपला घातल्या. तिच्या शेजारून जाताना ते सवयीने बाजूला झाले, तिला वाट द्यायला. पण या वेळी ती कुठे जात नव्हती, तिथेच उभी होती. त्यामुळे दोघंही क्षणभर अडकल्यासारखी झाली.

जामीन मिळायला काही दिवस लागले. बाबा परत आले ते गालफडं बसून. रोपवाटिकेचं काम बंद झालं, कारण गुन्हा दाखल असलेल्या माणसाला ठेवता येत नव्हतं. पुढे काही महिन्यांनी लांबच्या कुठल्यातरी नाक्यावर पंज्यांसकट माणसं पकडली गेली, जीपमध्ये तसल्याच तारेचं भेंडोळं होतं. बिबट्याचं बालंट गेलं. पण शिंगाच्या मुठीचा खटला वेगळा होता, तो चालू राहिला.

मध्येच एकदा ते ऑफिसच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. मी बाहेर गेले.

“ताई, सुरा कुठं ठेवलाय?”

“कपाटात. सील केलंय.”

“पाऊस लय हाय. गंज धरंल.” ते थोडा वेळ फाटकाची कडी चाचपत राहिले. “जरा तेल लावता आलं तर बघा. मी लांबनंच सांगतो कसं लावायचं. हात नाय लावणार.”

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, सील तोडता येत नाही. ते खरंच होतं. मी परत फाटकाशी येऊन बाबांना सांगितलं. “बरं,” म्हणाले आणि छत्री नसताना निघून गेले. रस्ता वळेपर्यंत मी पाहत होते. चालताना त्यांचा उजवा हात दोन-तीनदा कमरेकडे जाऊन परत येत होता.

पुढे माझी बदली नाशिकला झाली. बाबांच्या तारखा कोर्टात पडत राहिल्या आणि एका पावसाळ्यात ते गेले. ताप भरला, खोकला वाढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, असं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला. ते दोषी होते की नव्हते, हे कुठल्याच कोर्टाने सांगितलं नाही. सुऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. अशा वस्तू नष्ट करतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका तारखेला. माझं ऑफिस कोर्टापासून जवळ होतं, म्हणून जेवायच्या सुट्टीत मी गेले. वकील, पक्षकार, झेरॉक्सवाले, चहावाले यांच्या गर्दीत बाबा व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसले होते. शेजारी, एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, भावजय बसली होती.

“तुम्हीपण आलात?” मी तिला विचारलं.

“येणारच. हा आत गेला तर मला भात कोण घालणार?” ती रागानेच म्हणाली. बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, खालचे दात दिसेपर्यंत.

तिने मांडीवरचं फडकं सोडलं. नागलीची भाकरी, वर ठेचा. ती मोडून अर्धी तिने बाबांपुढे धरली. बाबांचं हसू थांबलं. ते त्या भाकरीकडे बघत राहिले.

“तू खा,” म्हणाले.

“तुमच्यासाठीच थापलीय. धरा, हात दुखतोय माझा.”

त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. पहिला घास बराच वेळ तोंडात घोळला. तिने पाण्याची बाटली त्यांच्या बाजूला सरकवली आणि रस्त्याकडे तोंड करून स्वतःचा घास चावायला लागली. मी चहा आणते म्हणून तिथून उठले. तिथे तिसऱ्या माणसाचं काम नव्हतं.

गर्दी होती, चहाला वेळ लागला. मी ग्लास घेऊन परत आले तर बाबा खांबाला डोकं टेकून झोपले होते. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले, तळवे वर. इतक्या वर्षांत त्यांना दिवसा झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. मी हाक मारणार तेवढ्यात भावजयीने हात वर केला.

“झोपू द्या. कितीतरी वर्षांनी लागलीय.”

“पण पुकारा झाला म्हणजे?”

“मी उठवीन,” ती म्हणाली.